माझे स्क्रू माझ्या जबड्यातच राहतील

माझ्या खालच्या जबड्यात दोन स्क्रू आहेत. हनुवटीच्या जरा वर, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. हाडात रुतलेले. त्यांची गोल डोकी हिरडीतून बाहेर येतात, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी. माझ्या खालच्या कवळीच्या पोटात दोन धातूच्या टोप्या होत्या, टोप्यांत रबराची कडी. कवळी दाबली की टोप्या त्या डोक्यांवर टिचकन बसायच्या आणि दिवसभर हलायच्या नाहीत. वरची कवळी साधी, टाळूला धरून राहणारी. तिनं मला कधी त्रास दिला नाही. खालची मात्र या दोन स्क्रूंच्या जिवावर.

एवढं सांगायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी कोरेगाव तालुक्यातला. थोडी ऊसशेती, आणि जत्रांचा हंगाम आला की कुस्तीच्या मैदानात निवेदन करतो. हातात माईक, शेजारी हलगी. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, कुणी कुठला डाव टाकला, हे सगळं हजारो माणसांच्या कानात भरायचं. तोच माणूस घरात मुका. सुनंदा, माझी बायको, म्हणते, "तुमास्नी घरात बी एक माईक बसवून द्याय पायजे."

तरुणपणी गालात तंबाखूची गोळी असायची आणि हिरड्यांकडं लक्ष नसायचं. चाळिशीच्या आतच वरचे-खालचे दात एकेक करून गेले. साताऱ्यात एक वयस्कर दातांचे डॉक्टर होते, कुस्तीचे शौकीन. "निवेदकाला हलती कवळी देऊन कसं चालेल," म्हणाले आणि त्यांनी हे स्क्रू बसवले. "फक्त दर वर्षी येत जा. आतली रबरं बदलावी लागतात." मी दोनदा गेलो. नंतर रबरं धरत होती, ऊस होता, मैदानं होती. मधल्या काळात डॉक्टर वारले. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मी त्या दुकानावरून कितीतरी वेळा गेलो असेन, पण माझ्या तोंडातल्या वस्तूची दुरुस्ती आता कुठं होणार, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

ज्यांच्या तोंडात असं जुनं काम आहे, आणि ज्यांना कुणीतरी सांगितलंय की 'याचे भाग आता मिळत नाहीत', त्यांच्यासाठी हे लिहितोय. मिळत नाहीत हे खरं असतं. म्हणून सगळं संपलं, हे मात्र मी मानलं नाही. तुम्हीही लगेच मानू नका.

गुऱ्हाळावर

हिवाळ्यात आमच्या शिवारात गुऱ्हाळ लागतं. माणसं रस उकळणाऱ्या मोठ्या काहिलीभोवती जमतात, गरम गूळ खातात, ऊस सोलतात. आमच्याकडं ऊस कोयत्यानं तोडायचा आणि दातानं सोलायचा. सुरीनं सोलणारा एकतर पाहुणा असतो, नाहीतर म्हातारा.

माझे चुलतभाऊ सुभेदार त्या दिवशी रंगात होते. फौजेतून निवृत्त झालेले, आणि गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी उसाचं एक कांडं माझ्यापुढं धरलं.

"घे गड्या. का दात भाड्यानं आणल्यात?"

माणसं हसली. चेष्टाच होती ती. सुभेदारांना काहीही माहीत नव्हतं. पण ज्याच्याकडं लपवायला काही असतं त्याला प्रत्येक चेष्टा आपल्यावरच वाटते. मी कांडं घेतलं, डाव्या बाजूला धरलं आणि ओढलं. सालीची पट्टी निघाली. "जियो जवान!" सुभेदार ओरडले. मी फुशारलो. परत ओढलं. अजून एकदा ओढलं, तेव्हा तोंडात 'टक्' झालं आणि कवळी डावीकडून उचलली गेली.

बांधाआड जाऊन काढून पाहिली. डावी टोपी जागेवर नव्हती. कवळीत नुसता खड्डा. टोपी चोथ्याबरोबर थुंकली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट पडलंय असं सांगून मी चिपाडं उपसत बसलो. गूळ करणारा गुळव्या म्हणाला, "आण्णा, कालची चिपाडं कवाच चुलाणात गेली. राखंत बघा पायजे तर." काहिलीखालच्या त्या भट्टीकडं मी बघत राहिलो. मोठ्या भट्टीत बारकी टोपी. राख गार व्हायची वाटही मी बघितली नाही.

घरी सुनंदाला म्हणालो, "भाकरीचा काठ लागला. कडक होता."

पाटणकडचं मैदान

त्याच आठवड्यात पाटणकडच्या एका गावात मैदान होतं. सुपारी आधीच घेतलेली. एका टोपीवर कवळी धरते का? मऊ जेवताना धरते. गप्पा मारतानाही धरते. ओरडताना धरत नाही.

मोठी जोड लागली. एकानं घिस्सा ओढला, मी तोंड उघडलं आणि डावी बाजू वर आली. मी ती जिभेनं दाबली. जीभ दात दाबण्यात गुंतली की शब्दांचं काय होतं, ते त्या दिवशी स्पीकरवर सगळ्या गावानं ऐकलं. डावाचं नाव चेंगरलं, पैलवानाचं नाव गिळलं गेलं. ओठाच्या कडेनं लाळ आली. मी तोंडाला टॉवेल लावला, तर ते आणखीच वाईट दिसलं.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आण्णा, भर दुपारीच व्हय?"

हशा पिकला. त्या गावच्या कमिटीतला एक माणूस आला, माझ्या हातातून माईक घेतला आणि मऊ आवाजात म्हणाला, "जरा सावलीत बसा." सावलीत बसलेल्या माझ्याकडं बोट करून बायका पोरांना दाखवत होत्या.

बाबू म्हणजे माझा हलगीवाला. कित्येक हंगाम आम्ही जोडीनं काढलेत, मैदान उठल्यावरचा चहा शेजारी बसून घेतलाय. माझं वाक्य कुठं संपणार हे माझ्या आधी त्याच्या हातांना कळतं. परतीच्या गाडीत तो मागं, हलगीशेजारी बसला. दोन-तीन दिवसांनी घरी आला आणि दारातच उभा राहिला.

"आण्णा, लोक म्हणत्यात तुमी पिऊन हुता."

"म्हणू देत."

"म्हणू देत कसं? हलगीवाल्याच्या नादाला लागून बिघडला म्हणत्यात. म्या पाजली म्हणत्यात. तुमी एक शबुद बोला की."

माझ्याकडं तो शब्द होता. 'दात.' एवढाच. मी म्हणालो, "जरा थंड होऊ दे. बघू."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तो गेला.

आमच्याकडं हलगी कुठल्या वस्तीतून येते आणि दोष कुठल्या वस्तीकडं लवकर जातो, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. मला ते सोयीचं पडलं. लोक बाबूला बोलत होते तोवर माझ्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं. हे वाक्य मी चारदा खोडलं आणि परत लिहिलं. राहू दे.

पुढची मैदानं गेली. मला निदान 'तुमची तब्येत बरी न्हाई, विश्रांती घ्या' असं कुणीतरी येऊन सांगितलं. बाबूला कुणी काही सांगितलंही नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. तो वीटभट्टीवर जायला लागला. भट्टी आमच्या गावाच्या वाटेवरच आहे. मी लांबची वाट धरली.

साताऱ्यात

साताऱ्यातले नवे डॉक्टर तरुण, हुशार. एक्स-रे काढला. वेगवेगळ्या टोप्यांची पेटी उघडली. एक सैल, दुसरी डोक्यावर चढेचना. एक्स-रेचा फोटो त्यांनी मोबाइलवरून चार ठिकाणी पाठवला. उत्तरं यायची वाट बघत मी खुर्चीत आडवा. शेजारी चूळ भरायचा पेला होता. उचलून ठेवला की नळातून आपोआप भरायचा. मी उचलायचो, ठेवायचो, तो भरायचा. निदानाचा दिवस म्हटलं की मला तो पेलाच आठवतो.

"काका," डॉक्टर म्हणाले, "हे ज्या कंपनीचं आहे ती बंद पडलीय. टोपी मिळत नाही. वरचं डोकं बदलावं तर ते उघडायचा पानाही कुणाकडं नाही. त्यात डावं डोकं वाकलंय. मी सांगू? दोन्ही स्क्रू काढू. हाड भरू दे. मग नवीन बसवू."

"काढायचं म्हणजे कसं?"

"हाडात मुरलेत ते. भोवतीचं थोडं हाड कोरून."

"मग नवीन धरतील?"

"बघावं लागेल. तुमचं हाड पातळ आहे. शक्यता आहे, एवढंच म्हणतो."

तोवर, आणि कदाचित पुढंही, खाली सुटी कवळी. सुटी कवळी घालून मैदानात ओरडता येत नाही, हे मी पाटणकडं बघून आलो होतो. म्हणजे माईक संपला. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, पण मला तेवढंच ऐकू आलं.

"तुटलं कसं?" त्यांनी विचारलं.

"जेवताना."

"जुनं काम आहे. तेव्हाच नीट बसलं नसेल."

मी मान डोलावली. सुनंदाची भाकरी, बाबूची संगत, आणि आता वारलेल्या डॉक्टरांचा हात. मी कुणालाच सोडलं नाही.

बाहेर आलो, पोवई नाक्याकडं चालत निघालो आणि मग राग आला. भीती नंतर आली, आधी रागच. माझ्या मूर्खपणाचा घाव बसला तरी ज्या स्क्रूंनी हाड सोडलं नाही, ते कोरून काढायचे? किल्ली हरवली म्हणून भिंत पाडायची? रस्त्यातच मी मोठ्यानं म्हणालो, "न्हाई काढणार." शेजारून चाललेली कॉलेजची पोरगी दचकून लांब झाली.

माडगं

सुनंदा आटपाडीकडची. माहेरी पिढ्यानपिढ्या मेंढरं, आता थोडं डाळिंब. ती हुलग्याचं माडगं करते, पातळ, गरम, लसणाची फोडणी दिलेलं. त्या महिन्यांत मी त्याच्यावर जगलो. दाताविना जगणाऱ्याला लोक दूध-केळी सांगतात. मी माडगं सांगतो. त्यात चव असते, आणि आपण आजारी आहोत असं वाटत नाही.

माडग्याची वाटी पुढं ठेवून एका सकाळी ती समोरच बसली.

"आवं, सांगून टाका की गावाला. दात निघालं म्हणावं. काय चोरी केलीय का?"

"तू गप."

"का गप? दारुडा म्हटल्यालं चालतंय, आन् बोळका म्हटल्यालं न्हाई चालत? कसला वो ह्यो मानपान?"

मी वाटी तोंडाला लावली.

"बाबूची बायको मला दुकानात भेटली. माझ्याकडं बघून पाठ फिरवली तिनं. तिला काय सांगू मी? माझ्या नवऱ्याला तुझ्या नवऱ्यापेक्षा दात प्यारं हायत म्हणून?"

तेव्हाच मला दिसलं. तिच्या ताटात भाकरीचे नुसते काठ होते. मधला मऊ भाग ती रोज माझ्यासाठी काढून, कुस्करून ठेवत होती. तिची समजूत अशी, की तिच्या भाकरीनं माझे दात मोडले.

तेव्हाही मी सांगितलं नाही. उठलो आणि रानात गेलो.

सांगली

सांगलीत एक डॉक्टरबाई जुन्या, अडलेल्या कामांना हात घालतात असं कळलं. सुनंदा म्हणाली, मी येणार. एसटीनं कराडवरून गेलो. ती खिडकीशी, मी टॉवेलात तोंड घालून.

दवाखान्यात बसलो होतो तर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कंचा दात?"

"सगळेच."

"मग सुटलासा की वो! माझा येकच हाय आन् त्योच ठणकतोय."

कित्येक दिवसांनी मी हसलो. तोंडाला टॉवेल न लावता.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. मी कवळी काढली, तेव्हा समोरचा आरसा त्यांनी न सांगता बाजूला वळवला. असल्या गोष्टी लहान असतात, पण खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला त्या पुरतात. मग त्यांनी हत्याराच्या दांड्यानं दोन्ही स्क्रूंवर हलकेच टिचकी मारली. 'टण्, टण्.'

"ऐकलंत? घट्ट बसलेत. सैल असते तर आवाज बसका आला असता. ज्यांनी बसवलेत त्यांनी झकास काम केलंय."

साताऱ्यात त्यांच्याच कामाला दोष दिला गेला, तेव्हा मी मान डोलावली होती.

"वाकलं कसं?"

"जेवताना."

"जेवताना असं वाकत नाही, आण्णा. मी काही पोलीस नाही. पण जोर कुठून आला ते कळल्याशिवाय मी वर काही बसवणार नाही. झोपेत दात खात असाल तर इलाज वेगळा. काही उद्योग केला असेल तर वेगळा. आणि नाहीच सांगितलंत तर नवीन बसवलेलंही तसंच मोडेल."

सुनंदा बाजूच्या स्टुलावर बसली होती. मी छताकडं बघत सांगितलं. गुऱ्हाळ, कांडं, सुभेदार, चुलाण. सगळं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. सुनंदा हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग मोठ्यानं. मग एकदम थांबली.

"म्हंजी माझी भाकरी न्हवं."

"नाही."

"येवढं दिस म्या काठ खाती हाय."

परत ती त्या दिवशी हसली नाही. परतीच्या एसटीत, कराड गेल्यावर म्हणाली, "भाकरीचं माझ्यापाशी मिटलं. बाबूचं मिटवा."

मापं

डॉक्टरबाईंचा विचार मला समजला तसा सांगतो. पाना नाही, तर उघडायचंच नाही. जबरदस्तीनं फिरवलं आणि डोकं आत तुटलं तर मग काहीच हातात राहत नाही. डोकी आहेत तिथंच ठेवायची, वाकलेलं थोडं घासून सरळ करायचं, आणि दोन्हींवर अगदी मापाच्या नव्या टोप्या करून कायमच्या चिकटवायच्या. त्या टोप्यांच्या माथ्यावर हल्लीच्या पद्धतीचं बटण. त्या बटणाची रबरं कुठंही मिळतात. मग त्यावर नवी कवळी.

"टिकेल?"

"हमी देत नाही. चिकटवलेलं कधीतरी सुटू शकतं. सुटलं तर परत चिकटवू. हाड तर शाबूत राहील."

"आणि जमलंच नाही तर?"

"तर साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले तेच करायचं. ते चुकीचं बोलले नाहीत. फक्त तो शेवटचा रस्ता आहे. शेवटचा आहे तर शेवटी बघू."

मग मापं. तोंडात पसरट भांडं, त्यात थंड लगदा, तो घट्ट होईपर्यंत नाकानं श्वास. मला उमासे यायचे. डॉक्टरबाई म्हणायच्या, "पायाचा अंगठा हलवत राहा, तिकडं लक्ष द्या." हसू नका, उपयोग होतो. पहिल्या टोप्या तयार होऊन आल्या, तर उजवी बसली आणि डावी डुगडुगली. मला वाटलं, आता म्हणतील की काढू. त्या म्हणाल्या, "परत." परत माप, परत भांडं, परत अंगठा.

मापांच्या आधी डावं डोकं घासलं, तेव्हा मात्र घाबरलो होतो. दुखत नाही, पण आवाज कानातून येत नाही, आतून, हाडातून येतो. जुना धातू किती उरेल, किती जाईल, कळत नाही. मी खुर्चीचे हात धरून मनात एक कुस्ती लावली आणि तिचं निवेदन सुरू केलं. मनातले दात शाबूत होते.

दुसऱ्या खेपेच्या टोप्या दोन्ही बसल्या. तेव्हा डॉक्टरबाईंनी हात थांबवला.

"हे चिकटवलं की जुनी कवळी बसणार नाही. नवी यायला दिवस लागतील. तोवर खाली काहीच नाही. तुमच्या गावची जत्रा आहे ना? नंतर करू?"

मी विचार केला. जुनी कवळी तोंडात असली की मी जत्रेत ती सांभाळत, टॉवेल लावून, मागं कुठंतरी उभा राहणार. स्वतःबद्दल मला एवढं माहीत आहे.

"आत्ताच चिकटवा," मी म्हणालो.

आमचं मैदान

कमिटीनं बाहेरचा तरुण निवेदक बोलावला होता. चांगला पोरगा. दुपारच्या लहान कुस्त्या चालल्या होत्या. मी स्टेजवर चढलो तसे सुभेदार आडवे आले.

"आण्णा, आज नको गड्या. पाव्हणं आल्यात."

"दोन मिनिटं माईक द्या."

"प्यायला न्हाईस न्हवं?"

"तोंड हुंगा."

ते खरंच वाकले. माझ्या तोंडात बघितलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आरं तुझं दात कुठं गेलं?"

माईक त्यांच्या हातात होता आणि चालू होता. प्रश्न चारी स्पीकरवरून शिवारभर गेला. मग हसण्याची लाट आली. मी त्यांच्या हातातून माईक घेतला.

"सांगलीला दुरुस्तीला गेल्यात," मी म्हणालो.

पुढचं कसं उच्चारलं ते विचारू नका. अर्धे शब्द हवेतच विरत होते. पण सावकाश, थांबत, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत सांगितलं. माझे वरचे-खालचे सगळे दात खोटे आहेत, हे सांगितलं. पाटणकडं मी प्यायलो नव्हतो, कवळी सुटली होती. बाबूनं मला पाजली असं लोक म्हणत होते, ते माझ्या कानावर होतं. ते खोटं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. "बाबू पितो का, हे मला विचारू नका, तो त्याचा प्रश्न हाय. त्या दिवशी आमी दोघं बी कोरडं हुतो. त्याचं काम गेलं माझ्यापायी. बोळका म्हणाल म्हणून मी गप बसलो. आता म्हणा."

एका कोपऱ्यातून कुणीतरी "बोळका आण्णा!" म्हणून ओरडलं तेवढंच, आणि मी हात वर करून त्याला नमस्कार केला.

बाबू लिंबाखाली उभा होता. हाताची घडी, पायाला विटांची लाल धूळ. सुभेदार म्हणाले, "बाबू, ये वर. घे हलगी."

"आज न्हाई, सुभेदार. आज म्या बघाय आलोय."

तरुण निवेदकानं मला एक जोड दिली. मी तिचं निवेदन केलं, पहिल्या सलामीपासून चितपटीपर्यंत, तसल्या तोंडानं. निम्म्या लोकांना निम्मं कळलं असेल. मी थांबलो नाही.

संध्याकाळी बाबू वाटेत भेटला. सायकल धरून उभा.

"बोललासा ते बरं केलं. पर लय उशीर केलासा."

"व्हय."

"भट्टीवर मला गुत्तेवाला म्हणत हुती पोरं. माझी पोरगी ऐकत हुती."

मी त्याच्या पायावरच्या लाल धुळीकडं बघितलं.

"हिथनं पुढं पत्रकावर माझं नाव पायजे," तो म्हणाला. "तुमच्या शेजारी. तुमच्याएवढ्याच अक्षरात. आजवर नुसतं 'हलगीच्या तालावर' छापत्यात. हलगी काय आपोआप वाजती व्हय?"

"बाबू, मला माफ—"

"ते ऱ्हाऊ द्या. नावाचं बघा."

जे कळलं

तुम्ही स्क्रू बसवून घेणार असाल तर ते कुठल्या कंपनीचे, कुठल्या मापाचे, हे डॉक्टरांकडून मागून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी माहीत करून द्या. डॉक्टर जातात, कंपन्या जातात, जबडा आपल्याजवळ राहतो. वर्षातून एकदा दाखवा. मी दाखवत गेलो असतो तर कंपनी बंद पडायच्या आधीच कुणीतरी सावध केलं असतं. बसत नसलेल्या पान्यानं जोर लावून उघडू देऊ नका. हाड घट्ट असेल तर काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. सगळ्यांचे स्क्रू वाचत नाहीत, हे मान्य. पण 'भाग मिळत नाही' आणि 'स्क्रू खराब झालाय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ती आपण डॉक्टरांकडून वेगवेगळी वदवून घ्यायची. आणि तुटलं कसं, ते खुर्चीत बसल्या बसल्या खरं सांगा. माझे महिने त्यातच गेले.

आटपाडी

नवी कवळी आली. बसताना जुनीसारखी टिचकन वाजत नाही, दबका आवाज येतो. महिनाभर 'स' नीट येईना. रानात उसापुढं उभा राहून डावांची नावं घोकली.

पहिली सुपारी आटपाडीकडची, सुनंदाच्या माहेराजवळची. पत्रकावर दोन नावं, एकाच मापात. छापणारा म्हणाला, जागा पुरत नाही. मी म्हणालो, दोन्ही बारीक कर. बाबूनं पत्रक बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं.

उन्हाचा कडाका होता. शेवटची जोड लागली, दोघंही तयारीचे पैलवान, मैदान उभं राहिलं. मी आवाज चढवला आणि डाव्या बाजूला तेच ओळखीचं हलणं जाणवलं. डावी टोपी सुटली होती. चिकटवलेलं कधीतरी सुटेल, असं मला सांगितलंच होतं. ते त्याच दिवशी सुटायचं होतं.

मी टॉवेल शोधला नाही. माईक काखेत धरला, हजार माणसांदेखत खालची कवळी काढली, टोपी आत अडकलीय ना ते बघितलं आणि कवळी सदऱ्याच्या खिशात टाकली. माईक परत तोंडाला लावला.

"मंडळी, दात उतरवल्यात. कुस्ती चालू हाय."

आणि बोलत राहिलो. एक पैलवान खाली गेला, दुसऱ्यानं पाठीवर ताबा घेतला, मी डावाचं नाव घ्यायला गेलो आणि शब्द तोंडातच फुटला. त्याच क्षणी हलगी कडाडली. बाबू माझ्याकडं बघतही नव्हता. त्याचे डोळे आखाड्यावर होते. पुढचा शब्द फुटला, परत हलगी. माझी जीभ जिथं जिथं अडली तिथं तिथं तो वाजवत गेला, आणि जिथं मला बोलता येत होतं तिथं त्यानं हात राखला. कुस्ती निकाली झाली. फेटे उडाले, आमच्या दोघांच्या नावानं शिट्ट्या पडल्या.

टोपी सांगलीला जाऊन परत चिकटवून आणली. परत सुटली तर परत चिकटवीन. स्क्रू काढणार नाही.

त्या दिवशी आटपाडीकडं मैदान उठल्यावर कमिटीनं चहा आणला होता. बाबूनं आपला कप उचलला, हलगी खांद्याला लावली आणि लांब, गाडीच्या पायरीवर जाऊन बसला. चहा तो अजून माझ्याबरोबर घेत नाही.